टाकी दारात, धरण पैठणला : ‘एज’ आणि ‘सर्व्हरलेस’ची उलटतपासणी

(क्रांती चौक परिसरात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज ठेवून किंचित संपादित.)



आपण बसलोय तिथून क्रांती चौक चालत पाच मिनिटांवर आहे. १८५७ साली इथल्या घोडदळातल्या शिपायांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं आणि त्याची किंमत जिवानं मोजली. काळा चबुतरा म्हणतात ती त्यांच्या आठवणीची जागा. तेव्हा या चौकाच्या साक्षीनं ‘क्रांती’ हा शब्द जपून वापरावा असं मला वाटतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण आमच्या धंद्यात दर दोन-तीन वर्षांनी एक क्रांती होते. आधी क्लाउड झालं, मग मायक्रोसर्व्हिसेस, मग सर्व्हरलेस, आता एज. प्रत्येक वेळी एक स्लाइड असते. तिच्यावर जगाचा नकाशा, नकाशावर शे-दोनशे ठिपके आणि खाली ओळ : तुमचं संकेतस्थळ आता सगळीकडं, क्षणात, सुरक्षित.

आज मला त्या स्लाइडची समीक्षा करायची आहे. पुस्तकाची करतात तशीच. तिच्यात काय म्हटलंय, त्यातलं खरं किती आणि काय सांगायचं राहून गेलंय. मी या तंत्राचा विरोधक नाही. माझं पोट त्यावरच चालतं. (हशा) पण ज्यावर पोट चालतं त्याबद्दल खरं बोलायची जबाबदारी जरा जास्तच असते.

आणि विषय नुसता तंत्राचा नाही. आज दहावीचा निकाल, अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्ती, सातबारा, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, सगळं एका पानावरून जातं. ते पान उघडलं नाही तर माणसाचा दिवस जातो, मजुरी जाते, कधीकधी संधीही जाते. त्यामुळं ‘वेगवान’ आणि ‘सुरक्षित’ हे शब्द कोण कशाच्या जोरावर वापरतं, हे विचारायचा हक्क या सभागृहातल्या प्रत्येकाला आहे. कोड येत असो वा नसो.

आधी शब्द समजून घेऊ

आपल्या शहराला शब्दकोशाची गरज नाही, आपल्याला नळ माहीत आहे. शहराचं पाणी येतं जायकवाडीतून, पैठणहून, पन्नासेक किलोमीटरवरून. ते थेट तुमच्या नळाला येत नाही. आधी जलकुंभात येतं, तिथून वस्तीत. धरण म्हणजे मूळ सर्व्हर, जिथं खरी माहिती साठवलेली आहे. जलकुंभ म्हणजे एज. वाचकाच्या जवळ ठेवलेलं छोटं यंत्र, ज्याच्याकडं माहितीची एक प्रत भरून ठेवलेली असते. प्रत्येक वेळी पैठणला जायला नको.

ही कल्पना नवी नाही. या शहरात मलिक अंबरनं सतराव्या शतकात डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नळांनी गावात आणलं आणि जागोजाग खेळवलं. इंटरनेटवर हेच काम मोठ्या प्रमाणात करून दाखवलं ते अकामाय या कंपनीनं. अमेरिकेतल्या एमआयटीमधले टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी ती १९९८ मध्ये काढली. पण तेव्हा टाकीत फक्त साठवण होती : चित्रं, फाइली, तयार पानं. आता जे ‘एज कम्प्युटिंग’ म्हणतात त्यात टाकीशेजारी एक छोटी चक्की बसवलेली असते. म्हणजे नुसती प्रत द्यायची नाही, थोडा हिशेबही तिथंच करायचा. क्लाउडफ्लेअरनं २०१७ मध्ये ‘वर्कर्स’ नावानं हे जाहीर केलं, त्यानंतर बाकीच्यांनीही वेग घेतला.

आणि ‘सर्व्हरलेस’? नावावर जाऊ नका. सर्व्हर असतोच, तुम्ही तो सांभाळत नाही इतकंच. हॉटेलात जेवलात म्हणून स्वयंपाकघर नाहीसं होत नाही ना, तसं. तुम्ही कामाचा एक छोटा तुकडा, म्हणजे फंक्शन, लिहून द्यायचा. मागणी आली की तो जागा होतो, काम करतो, पुन्हा झोपतो. ॲमेझॉननं २०१४ मध्ये ‘लॅम्बडा’ आणलं तेव्हापासून हा शब्द घराघरांत, म्हणजे आमच्या घरांत, पोचला. पैसे वापरापुरते, मिलिसेकंदांच्या हिशेबानं. एक मागणी आली तर एक फंक्शन जागं, हजार आल्या तर हजार. हे खरोखर सुंदर आहे, त्यात वाद नाही. वाद पुढं आहे.

वेगाचा हिशेब

स्लाइडवरचा पहिला दावा वेगाचा. तो कागद-पेन्सिलनं तपासता येतो.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. समजा तुमचा सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियात आहे. सरळ रेषेत तेरा हजार किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन सव्वीस हजार. म्हणजे निसर्गनियमानंच १३० मिलिसेकंद गेले, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही, म्हणून प्रत्यक्षात दोनशेच्या वर. बरं, एका फेरीत काम होत नाही. आधी जोडणीची फेरी, मग कुलूपकिल्लीची, मग पान मागायची. तीन फेऱ्या धरा. पहिलं अक्षर यायच्या आधी सहाशे मिलिसेकंद, अर्ध्या सेकंदाहून जास्त, नुसत्या येरझाऱ्यांत. इथं टाकी जवळ आणली तर फरक डोळ्यांनी दिसतो. दावा शंभर टक्के खरा.

आता दुसरा हिशेब. तुमचे वाचक सगळे महाराष्ट्रातले आणि सर्व्हर मुंबईत. ही काल्पनिक गोष्ट नाही. मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं क्लाउड केंद्र २०१५ पासून आहे, ॲमेझॉनचं मुंबईतलं २०१६ पासून. इथून मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. जाऊन-येऊन प्रकाशाला लागतात साडेतीन मिलिसेकंद. तीन फेऱ्या केल्या तरी दहा-अकरा. आणि एज कंपनीची सर्वांत जवळची मोठी टाकी कुठं असते? बहुतेक वेळा तीही मुंबईतच! म्हणजे तुम्ही हिशेब मुंबईहून उचलून मुंबईत ठेवला. नकाशावर ठिपके शंभर असतील, पण पैठणच्या शेतकऱ्याला त्यातला एकच कामाचा, आणि तो आधीही तिथंच होता.

मग पान हळू का उघडतं? खुल्ताबादला जाऊन आठ हजारांच्या फोनवर एखादं सरकारी किंवा बातम्यांचं पान उघडा आणि बघा. तीन-चार एमबीचं पान. वर फिरणारी पाच मोठी छायाचित्रं, मान्यवरांची. (हशा) त्यात मराठीसाठी म्हणून वेगळा फॉन्ट, शंभर-दोनशे केबीचा सहज, आणि जाड-बारीक अशा त्याच्या चार आवृत्त्या. वास्तविक प्रत्येक फोनमध्ये देवनागरी अक्षरं आधीपासून बसवलेली आहेत. मग जावास्क्रिप्टचा ढिगारा, जो त्या स्वस्त फोनच्या प्रोसेसरला उलगडत बसावा लागतो. हे ओझं टाकी जवळ आणून कमी होत नाही. पाण्यात गाळ असेल तर टाकी कितीही जवळ बांधा, नळाला गाळच येणार.

म्हणून माझा पहिला आक्षेप असा : स्लाइड अंतराबद्दल बोलते, वजनाबद्दल बोलत नाही. कारण अंतर कमी करणं विकता येतं. वजन कमी करायला मात्र कुणाला तरी ‘नाही’ म्हणावं लागतं. छायाचित्र नको, फॉन्ट नको, नाचणारी पट्टी नको. ‘नाही’चं बिल फाडता येत नाही.

दोन दिवस, दोन आजार

आता खरी उदाहरणं. दोन्ही आपल्या राज्यातली, दोन्ही जाहीर.

पहिलं, १६ जुलै २०२१. कोरोनामुळं दहावीची परीक्षाच झाली नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, ९९.९५ टक्के. दुपारी एक वाजता निकाल ऑनलाइन दिसणार होता. सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थी. एक वाजला आणि संकेतस्थळं उघडेनात. कितीतरी तास पोरं आणि पालक पान ताजं करत बसले.

दुसरं, २१ मे २०२५. अकरावीचा प्रवेश पहिल्यांदाच संपूर्ण राज्यासाठी एकाच ऑनलाइन प्रक्रियेत आणला. आधी ती काही मोठ्या महापालिका क्षेत्रांपुरती होती. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं, आणि नोंदणी २६ मेपासून नव्यानं सुरू करावी लागली. पुढं बारा लाखांहून जास्त मुलांनी तिथं नोंदणी केली.

बाहेरून दोन्ही घटना सारख्याच दिसतात. साइट पडली. वर्तमानपत्रात मथळाही तोच. पण आजार वेगळे आहेत, आणि औषधही वेगळं. स्लाइड मात्र दोघांनाही एकच गोळी देते.

निकाल म्हणजे वाचन. एक वाजता सगळं ठरलेलं आहे, कुणाचाही गुण बदलणार नाही. पावणेसोळा लाख मुलं, प्रत्येकाच्या निकालाला दोन केबी धरा. गुणिले करा. तीन-सव्वातीन जीबी. संपूर्ण महाराष्ट्राची दहावी एका पेनड्राइव्हवर मावते! मग एक वाजता डेटाबेसला एकेक प्रश्न विचारायचा कशाला? आदल्या रात्री सगळे निकाल तयार फाइली करून ठेवा, टाक्या भरून ठेवा, एक वाजता नळ सोडा. हे एजचं आदर्श काम आहे.

इथं एक खाच आहे, ती विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. नेहमीच्या बातमीचं पान लाख लोक तेच वाचतात, म्हणून टाकीतली एक प्रत लाखांना पुरते. निकाल प्रत्येकाचा वेगळा. तो टाकीकडं मागितला तर पहिल्यांदा तिथं नसणारच, टाकी धरणाकडं धाव घेणार. म्हणून नुसतं एज लावून भागत नाही. माहिती आधीच टाक्यांत ढकलून ठेवावी लागते, किंवा धरणाच्या जागी साध्या फाइलींचं कोठार ठेवावं लागतं, जे अशा मागण्यांना हसतखेळत पुरतं. आणि दुसरं, फाइलीला नाव बैठक क्रमांकाचं दिलं तर कोणीही क्रमानं सगळ्या राज्याचे निकाल उपसून नेईल. आपल्याकडं बैठक क्रमांकाबरोबर आईचं नाव विचारतात. तर दोन्ही एकत्र करून, त्यात एक गुप्त किल्ली मिसळून, फाइलीचं नाव बनवायचं. ती किल्ली लावण्याचं काम एजवरचं छोटं फंक्शन करतं. मूठभर काम, पण योग्य जागी. आईचं नाव हे काही मोठं गुपित नाही, शेजाऱ्यालाही माहीत असतं, पण घाऊक उपसा तरी थांबतो.

आता प्रवेश. प्रवेश म्हणजे लेखन. मुलगी नाव भरते, गुण भरते, शंभर रुपये फी भरते, दहापर्यंत महाविद्यालयांचा पसंतीक्रम देते. हे कुठंतरी एका वहीत, एकदाच आणि नक्की लिहिलं गेलं पाहिजे. वही एकच. टाकी पाणी देऊ शकते, तुमच्याकडचं पाणी परत धरणात नेऊन त्याची पावती देण्यासाठी ती बांधलेली नाही. फॉर्म दिसण्यापर्यंत एज मदत करेल, पण ‘सबमिट’ दाबलं की सगळ्यांची वाट एकाच दाराकडं जाते.

आपल्या जालना रोडवर पूल झाले. चौकातली गर्दी कमी झाली का? झाली. आणि गेली कुठं? पुढच्या सिग्नलला. (हशा) एज हा असा पूल आहे. अरुंद जागा तो नाहीशी करत नाही, पुढं सरकवतो. २८ एप्रिल २०२१ ला कोविनवर अठरा वर्षांवरच्यांची नोंदणी सुरू झाली, तेव्हा एका दिवसात कोटीहून जास्त लोकांनी नोंदणी केली. ते मोठंच काम होतं. पण त्या दुपारी असंख्य लोक ओटीपीची वाट बघत बसले होते. पान समोर, चौकट समोर, आणि एसएमएस येईना. गेल्या वर्षी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीला तेच दृश्य. साखळीतली सर्वांत बारीक कडी ओटीपीची असेल तर पानाचा वेग दुप्पट करून तुम्ही फक्त जास्त माणसं लवकर त्या कडीपाशी आणून उभी करता.

मग प्रवेशाला औषध काय? आधी प्रश्न विचारू : घाई कशाची होती? अकरावीच्या नियमित फेऱ्या गुणवत्तेवर लागतात, ‘आधी येईल त्याला’ असं नसतं. सकाळी अकराला फॉर्म भरला काय आणि चौथ्या दिवशी भरला काय, फरक शून्य. तरीही सगळं राज्य एकाच मिनिटाला दारात का उभं होतं? कारण दार एकाच मिनिटाला उघडलं, आणि ‘उशीर झाला तर’ ही भीती आपल्या हाडीमाशी आहे. राज्य मंडळाचे नऊ विभाग आहेत. पहिले दिवस विभागवार वाटून दिले असते तर? आज कोकण आणि लातूर, उद्या नागपूर आणि नाशिक. भरलेला फॉर्म फोनमध्ये कच्चा जपून ठेवायची सोय, रांगेत किती पुढं आहात ते सांगणारा टोकन, आणि अर्ज आधी रांगेत घेऊन मागाहून वहीत उतरवणं. यातल्या पहिल्या उपायाला तर एक ओळही कोड लागत नाही. वेळापत्रक हासुद्धा रचनेचा भाग असतो, मंडळी. ते आमच्या स्लाइडवर कधीच नसतं.

माझी स्वतःची चूक

दुसऱ्यावर बोट दाखवलं, आता स्वतःकडं. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचं नोंदणीचं काम माझ्याकडं होतं. नाव सांगत नाही, चूक त्यांची नव्हतीच. जुना एक सर्व्हर होता, गर्दीला दमायचा. मी मोठ्या उत्साहात सगळं सर्व्हरलेस केलं. बैठकीत तीच स्लाइड दाखवली, नकाशाची. ‘आता कितीही लोक येऊ द्या’ असं म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडचं आहे, मी नाकारत नाही.

नोंदणीचा दिवस आला. लोक आले. फंक्शनं जागी झाली, शंभर, दोनशे, पाचशे. अगदी जाहिरातीप्रमाणं. आणि त्या प्रत्येक फंक्शननं जाऊन डेटाबेसचं दार ठोठावलं. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस होता. त्याची मूळ मांडणी एका वेळी शंभर जोडण्यांची असते. मी ती बदलली नव्हती, मध्ये जोडण्या वाटून देणारा हिशेबनीस बसवला नव्हता. पाचशे माणसं शंभर खुर्च्यांच्या खोलीत घुसली. जुना सर्व्हर निदान दमायचा तेव्हा हळू चालायचा, दारातच लोकांना थोपवायचा. नव्या रचनेनं आतलं घरच पाडलं. तीन तास काम बंद.

त्या दिवशी मला कळलं की जुन्या सर्व्हरचा हळूपणा हा नुसता दोष नव्हता, तो बांधही होता. सर्व्हरलेसनं बांध काढला आणि मी खाली शेत आहे हे विसरलो. ‘आपोआप वाढतं’ हे वाक्य अर्धं आहे. काय वाढतं आणि काय वाढत नाही, हे विचारल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

सुरक्षित म्हणजे कुणापासून?

तिसरा शब्द, सुरक्षित. यात खरं बरंच आहे. तुमच्या साइटवर कुणी मुद्दाम खोट्या मागण्यांचा लोंढा सोडला तर एकट्या सर्व्हरचा निभाव लागत नाही. मे २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअरनं सेकंदाला ७.३ टेराबिटचा हल्ला अडवला. पाऊण मिनिटाचा हल्ला. तो जगभरातल्या टाक्यांत विभागला गेला म्हणून जिरला. हे जिल्ह्याच्या कार्यालयातल्या सर्व्हरला जन्मात जमणार नाही. शिवाय सर्व्हरलेसमध्ये यंत्राची डागडुजी, सुरक्षेचे तुकडे चढवणं कंपनी करते. आपल्याकडं वर्षानुवर्षं डागडुजी न झालेले सर्व्हर किती आहेत, ते न बोललेलं बरं. तेव्हा हा फायदा मी मनापासून मान्य करतो.

पण आता मार्च २०२५ चं प्रकरण ऐका. नेक्स्ट.जेएस नावाची चौकट आहे, संकेतस्थळं बांधायला फार वापरतात. तिच्यात ‘मिडलवेअर’ असतं, म्हणजे दारातला पहारेकरी. कितीतरी लोकांनी ‘हा माणूस लॉगिन झालाय का’ ही तपासणी फक्त त्या पहारेकऱ्याकडं दिली होती. मग उघड झालं की मागणीबरोबर एक विशिष्ट शीर्षओळ पाठवली की व्यवस्था समजते, ‘याची तपासणी आधीच झालेली आहे’, आणि सरळ आत सोडते. म्हणजे पाहुण्यानं स्वतःच सांगायचं, ‘मला तुमच्याच माणसानं तपासलंय’, आणि पहारेकऱ्यानं सलाम ठोकायचा! स्वतःच्या सर्व्हरवर ही चौकट चालवणाऱ्यांना ताबडतोब दुरुस्ती करावी लागली.

दोष दुरुस्त झाला. पण मला त्यातली सवय महत्त्वाची वाटते. दारात पहारेकरी आहे म्हणून आतल्या तिजोरीला कुलूप लावायचं नाही, ही सवय. एज हे दार आहे. दारावर गर्दी थोपवा, चोर ओळखा, जरूर करा. पण ‘हा सातबारा बघायचा हक्क याला आहे का’ हा निर्णय जिथं सातबारा ठेवलाय तिथंच, प्रत्येक वेळी झाला पाहिजे.

आणि दुसरं प्रकरण, १८ नोव्हेंबर २०२५. आपल्या वेळेनुसार पावणेपाचनंतर जगभर साइट पडायला लागल्या. एक्स, चॅटजीपीटी, असंख्य लहानमोठी पानं. क्लाउडफ्लेअरला आधी वाटलं मोठा हल्ला आहे. हल्ला नव्हता. त्यांच्याच एका डेटाबेसमधल्या परवानग्या बदलल्या, त्यामुळं बॉट ओळखणारी एक फाइल दुप्पट झाली, ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ठरावीक आकारापलीकडं झेपत नव्हतं, तो कोसळला. आणि ती फाइल काही मिनिटांत जगभरच्या सगळ्या टाक्यांत पोचली होती. मुख्य वाहतूक सावरायला रात्रीचे आठ वाजले. मधल्या काळात अनेक ग्राहकांना आपल्या खात्यात शिरून ‘आमची साइट तुमच्यामागून बाहेर काढा’ एवढंही करता येईना, कारण त्या खात्याचं दारही तिथूनच होतं. त्याच्या महिनाभर आधी, ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबरला ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात नावनोंदीच्या व्यवस्थेत गोंधळ झाला आणि तिथंही अर्धं जग अडकलं.

कंपनीनं कारणं उघड लिहून सांगितली, ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडं साइट पडते तेव्हा ‘तांत्रिक अडचण’ या दोन शब्दांपलीकडं काही कळत नाही. पण स्लाइडवरचे शंभर ठिपके बघून आपल्याला वाटतं, एक गेला तर नव्व्याण्णव आहेत. वीज गेली, केबल तुटली तर खरंय. पण सगळ्या ठिपक्यांवर एकच प्रोग्रॅम आणि एकच फाइल असेल तर ते शंभर ठिपके नसतात. एकच ठिपका शंभर वेळा काढलेला असतो.

खर्च थोडक्यात

लहान कामाला सर्व्हरलेस स्वस्त, कधी फुकटसुद्धा. वर्षातून चार दिवस गर्दी आणि बाकी शुकशुकाट, असं काम असेल तर उत्तम. पण दिवसरात्र चालणाऱ्या कामाला मीटरची रिक्षा परवडत नाही, गाडी घ्यावी लागते. २०२३ मध्ये ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओच्या एका गटानं लिहिलं की चित्राचा दर्जा तपासणारी त्यांची एक व्यवस्था त्यांनी सर्व्हरलेस तुकड्यांतून काढून एकत्र केली आणि खर्च ९० टक्क्यांनी उतरला. तो एका व्यवस्थेपुरताच अनुभव होता, त्यावरून सगळं सर्व्हरलेस महाग असं म्हणणं चुकीचं. पण ज्यांनी ही पद्धत विकली त्यांच्याच घरात वही-पेन्सिल घेऊन हिशेब होतो, तर आपण का करू नये?

शेवटी

तर माझा निवाडा असा. एज आणि सर्व्हरलेस ही चांगली हत्यारं आहेत. निकाल, वेळापत्रकं, शासन निर्णय, बातम्या, दिवाळी अंक, जे एकदा ठरलं आणि अनेकांनी वाचायचंय, त्यासाठी ती वापरलीच पाहिजेत. न वापरणं हा आता हलगर्जीपणा आहे. पण जिथं नागरिक काहीतरी लिहून देतो, पैसे भरतो, अर्ज करतो, तिथं ती अर्धंच काम करतात. उरलेलं अर्धं म्हणजे वही, रांग, वेळापत्रक, ओटीपी आणि उत्तरदायी माणूस.

आपल्या शहराला हे कुणी शिकवायची गरज नाही. जलकुंभ वस्तीत उभे होते, उंच, रंगवलेले. आणि पाणी वर्षानुवर्षं पाच-सात दिवसांआड. कारण प्रश्न टाकीचा नव्हताच, धरणापासून येणाऱ्या नळाचा होता. उद्या तुमच्यापुढं कुणी ठिपक्यांचा नकाशा ठेवला, तर त्याला एवढंच विचारा : ‘टाकी दिसली साहेब, नळ केवढा आहे?’



प्रश्नोत्तरांतून

*एक विद्यार्थिनी : सर, मग आम्ही प्रकल्पासाठी एज शिकावं की नाही?*

शिकावं, बाळा, नक्की शिकावं. पण आधी एक साधं पान साध्या सर्व्हरवर ठेवून त्याला तोडून बघ. कितव्या माणसाला ते पडतं, कुठं पडतं, हे स्वतः मोज. मग एज लाव आणि पुन्हा मोज. जो आकडा बदलला तेवढाच एजचा फायदा. बाकीचं सगळं जाहिरात.

*एक ज्येष्ठ श्रोते : आमचा दिवाळी अंक आम्ही ऑनलाइन टाकतो. वाचक इथंही आहेत आणि अमेरिकेत मुलांकडं गेलेलेही.*

काका, तुमच्यासाठीच ही स्लाइड बनवलीय. (हशा) एकच अंक, सगळ्यांना तोच, वाचक दोन खंडांवर. डोळे झाकून टाका. फक्त मुखपृष्ठाचं चित्र चार एमबीचं ठेवू नका.

*सेवा केंद्र चालवणारे एक श्रोते : साइट पडली की शिव्या आम्हाला पडतात. आम्ही काय मागावं?*

तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तीन गोष्टी मागा. नवी साइट सुरू करण्याआधी किती लोकांच्या भाराला तपासली, तो आकडा जाहीर करा. पडली तर का पडली, हे लेखी सांगा. आणि पडली तेवढे तास मुदत आपोआप वाढवा, त्यासाठी कुणाला निवेदन द्यायला लावू नका. या तिन्हींना कुठलंही नवं तंत्र लागत नाही. पण त्या मिळाल्या तर समोर बसलेल्या बाईला तुम्ही सांगू शकाल, ‘ताई, आज घरी जा, तुमचा दिवस बुडणार नाही.’ माझ्या मते सुरक्षित संकेतस्थळ ते हेच.